कार्ड बंद करू नका

सार्जंट वेड पर्सेल टोपी काढून डार्लीन कुबियाकच्या टेबलासमोर उभा राहिला. सरकारी प्रवासखर्चाचं बँकेचं कार्ड चोरीला गेलंय, म्हणाला. छावणीतल्या सैनिकांच्या या कार्डांवर देखरेख ठेवायचं काम डार्लीनचंच. कोण दौऱ्यावर कुठे उतरला, कुठे जेवला, सगळं तिला पडद्यावर दिसायचं.

तिने त्याचं नाव टाकलं. काल रात्री हायवेवरचं एक मोटेल. आज सकाळी लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान.

"लगेच बंद करते," ती म्हणाली. कार्ड गेलेली माणसं आधी तेच करायला सांगतात.

"बंद नका करू. कुठे वापरलंय तेवढं सांगा, डार्लीनबाई."

आवाज अगदी मऊ होता. डार्लीनने पडदा नकळत स्वतःकडे वळवला. घरी बायकोला विचारलं का, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ती माहेरी गेलीय," तो थांबून म्हणाला. "लेकीला घेऊन."

अजून काहीच दिसत नाही, बँकेकडून यायला संध्याकाळ होईल, असं डार्लीनने ठोकून दिलं. तो जागचा हलेना. तिच्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, बँकेलाच विचारतो, आणि निघाला.

खिडकीतून ती बघत होती. तो गाडीत बसला, फोन कानाला लावला. बँक सांगणारच. कार्ड त्याच्या नावाचं.

तिने मोटेलचा नंबर फिरवला. पाहुण्यांची माहिती देत नाही, तिथला माणूस म्हणाला. माहिती नकोच, ती म्हणाली, एक बाई आणि छोटी मुलगी उतरली असेल तर त्या खोलीत फोन जोडून दे, बाबा.

बराच वेळ घंटी वाजली. कुणीतरी फोन उचलला, पण बोलेना.

"मी छावणीतून बोलतेय. तुम्ही कार्ड कुठे वापरलंत ते मला दिसतंय. थोड्या वेळात त्यालाही कळेल. निघा, सरळ पोलिसांकडे, शेरीफच्या कचेरीत जा."

"तिला आत्ताच न्हाऊ घातलंय," बाईचा आवाज आला. "केस ओले आहेत."

"ओलीच उचला."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही, नुसता पडल्याचा आला. मग दार उघडलं असावं. डार्लीन रिसीव्हर कानाला घट्ट धरून बसली. पलीकडून फक्त हायवेवरच्या ट्रकांची घरघर ऐकू येत होती.