पाच बनांचा फेरा

एडमों झाडाच्या बुंध्यावर वाटेच्या खुणेचा पिवळा पट्टा ओढत होता, तेवढ्यात बेकरीवाला रोलां धापा टाकत टेकाडावर आला. अंगावर पीठ तसंच. हा माणूस आयुष्यात दोनदाच पळाला होता असं गावात सांगत. एकदा लग्नाकडे आणि एकदा लग्नातून.

"जावई, वाट या चेस्टनटच्या बनातून नेतोयस?"

"नकाशात तशीच आहे."

"नको नेऊस. आत रानडुकरीण आहे, पिल्लांसकट. शहरातली माणसं यायची, बाबागाड्या घेऊन. उगाच कशाला?"

एडमोंने मान हलवली, खिशातली वही काढून लिहून घेतलं आणि वाट बनाला वळसा घालून कुंपणाकडेने नेली.

लुझियाकच्या सरपंचबाई फुर्नेल यांनी हे काम त्याला दिलं होतं. बाहेरच्यांसाठी सोपा फेरा आखायचा. चर्चच्या चौकातून निघायचं, टेकाडावरच्या पाच बनांतून उतरायचं, वेझेर नदीच्या काठाने धुण्याच्या घाटावरून पुन्हा चौकात. दोन तासांचं काम, आजीबाईंनाही जमेल असं. एडमों तिकडचा, उत्तरेतला, रेल्वेतून निवृत्त झालेला. गावच्या ओडिलशी लग्न केलं म्हणून अख्ख्या गावाचा जावई. कुणालाही नाही म्हणत नसे.

दुसऱ्या बनापाशी खाटकाची विधवा मार्सलीन आडवी आली. आत बैल असतो म्हणाली. बनात बैल कसा, असं त्याने विचारलं, तर म्हणे सावलीला येतो. तिसऱ्या बनासाठी खुद्द पाद्रीबाबा आले. त्यांना खोटं बोलता येईना. वाट जरा बाजूने न्यावी, कारण मात्र विचारू नये, एवढंच म्हणाले आणि लाल होऊन निघून गेले. चौथ्या बनाच्या वेळी सरपंचबाईंनी त्याला कचेरीत बोलावून दार लावलं. गांधीलमाशा आहेत, असं त्यांनी हळूच सांगितलं.

एडमोंने सगळं वहीत लिहिलं. सगळ्यांना हो म्हणाला.

"तू नंदीबैल आहेस," घरी ओडिल म्हणाली. "डुकरीण नाही की बैल नाही. त्यांच्या अळंबीच्या जागा आहेत तिथे."

हे त्यालाही कळत होतं. पाऊस झाला की चेस्टनटच्या बुंध्यांशी जाड देठाची, तपकिरी टोपीची सेप अळंबी उगवते. प्रत्येक घराची जागा ठरलेली. ती शेवटच्या घटकेला पोटच्या पोराच्या कानात सांगायची, त्याआधी कुणालाही नाही. ओडिलच्या बापाने, आन्सेल्मने, वेळ आली की सांगेन असं वीस वर्षं ऐकवलं. वेळ आली तेव्हा तो चेरीच्या झाडावर शिडी लावून चढला होता. खाली पोचला तेव्हा सांगण्यासारखा उरला नव्हता.

तेव्हापासून तीन शरद गेले. शोधायला जावं तर दुसऱ्याच्या जागेत पाय पडायचा आणि चोर ठरायचं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घाटावर प्रत्येक घर आपल्या अळंबीचं आमलेट आणतं. ओडिल शहरच्या बाजारातून अळंबी आणायची, पिशवीत कांद्याच्या पातीखाली लपवून. मागच्या वर्षी मार्सलीनने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "प्रवासाने दमलीय गं बिचारी."

ओडिल त्या रात्री जेवली नव्हती.

"आता चार जागा कळल्यात तुला," ती म्हणाली. "एक दिवस टोपली घेऊन जा तरी."

"दुसऱ्यांच्या जागेत?" एडमों म्हणाला. "मला या गावात राहायचंय अजून."

"राहा मग. मी कांद्याची पात आणते."

दुसऱ्या दिवशी त्याने कॅफेत सगळ्यांसमोर नकाशा पसरला. चार ठिकाणी वाट फुगून बाहेर आली होती. अजगराने चार ससे गिळल्यासारखी दिसते, असं रोलां म्हणाला आणि सगळे हसले, पाद्रीबाबासुद्धा. मग एडमोंने पाचव्या बनावर बोट ठेवलं. इथून वाट सरळ मधून जाते, कुणाची हरकत?

कुणी मान वर केली नाही. मार्सलीनने पत्ते पिसले. खुशाल ने, पण काठी घेऊन जा, असं रोलांने सांगितलं. आत विषारी साप आहेत. आन्सेल्मला दोनदा चावता चावता राहिले, तोच सगळ्यांना सांगत सुटायचा. चाळीस वर्षांत त्या बनात कुणी पाऊल टाकलेलं नाही.

"तुला काय भीती म्हणा. साप सासऱ्याच्या ओळखीचे."

पुन्हा हशा पिकला. एडमोंही हसला. या वेळी त्याने वहीत काही लिहिलं नाही.

उद्घाटन त्याच शेवटच्या रविवारी ठेवलं होतं. पाऊस होऊन आठवडा झाला होता. एडमों आणि ओडिल पहाटेच कुठेतरी जाऊन आले. परतल्यावर ती चिखलाचे बूट दारात टाकून तवा घासायला बसली आणि घासता घासता गाऊ लागली. शेजारच्यांना वाटलं, रेडिओ लागलाय.

दहा वाजता सरपंचबाईंनी फीत कापली आणि गाव निघालं. चार वळणं छान पार पडली. ज्याचं वळण येई तो तेवढा वेळ आभाळाकडे बघून चाले. पाचव्या बनापाशी रोलां सापांसाठी काठी आपटत पुढे झाला आणि थबकला. पिवळा पट्टा बनात शिरतच नव्हता. तो बाहेरच्या बाहेर वळून कुंपणाकडेने नदीकडे उतरत होता. रोलांने बोट लावून पाहिलं. रंग ओला होता.

सरपंचबाईंनी नकाशा उघडला. इथे तर वाट सरळ होती.

"जावई," त्या म्हणाल्या, "इथे कुणी हरकत घेतली?"

एडमोंने खिशातून वही काढली, कोरं पान उघडलं आणि नीट वाचून सांगितलं.

"सासऱ्यांनी."