शुक्रवारची शिरगणती

"शेठ मशिदीतनं निघाला! सरळ इकडंच येतोय!" अन्सार धापा टाकत दारातूनच ओरडला, आणि दत्तारामच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला.

बहारीनच्या मनामा शहरात, हूरा भागातल्या जुन्या घराची ती मागची खोली. घर हाशिमशेठ या इथल्याच अरब म्हाताऱ्याचं, पण भाड्याचा सगळा कारभार त्याच्या मुलाचा. मुलाने खोली देतानाच दम भरला होता: सहा नफर, म्हणजे सहा माणसं. सातवा दिसला की सामान रस्त्यावर. आणि या घडीला खोलीत होते अकरा.

शहात्तर साल होतं. बहारीनमध्ये विमानं भरभरून माणसं उतरत होती आणि भाडी त्यांच्याही पुढे धावत होती. इथून हाकललं तर अख्ख्या मनामात उंबरठा मिळणार नव्हता. हे अकराही जण, अन्सार धरून, लांज्याच्या बाजूच्या एकाच गावचे, आणि सहांवरचा प्रत्येक जण आलेला "फक्त आठ दिवसांसाठी". घरचं झालं थोडं तशात व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, ते घोडं दत्तारामच्या बहिणीनेच धाडलं होतं. शेवंतीचा नवरा शिवदास मागच्या महिन्यात वळकटी घेऊन दारात उभा राहिला. खोलीचा कारभारी दत्ताराम. त्याने आजवर कुणालाच नाही म्हटलं नव्हतं, आणि आता निस्तरायचंही त्यालाच होतं.

"पाच जण गच्चीवर जावा! पाण्याच्या टाकीमागं बसा नि तोंडातनं ब्र काढू नका!"

पाच जण अंगणातल्या जिन्याने वर पळाले. शेवटचा शिवदास दिसेनासा झाला आणि हाशिमशेठ काठी टेकत आत आला. म्हातारा खाटेवर बसला. त्याने एकेकावर बोट रोखून मोजलं.

"छह," तो म्हणाला, आणि चक्क हसला. "सिर्फ छह नफर. बहुत अच्छा."

दत्तारामचा जीव भांड्यात पडला. पण तिथे तो फार वेळ टिकला नाही, कारण वर धपकन आवाज झाला.

ऑगस्टची भर दुपार होती. कोकणातला माणूस, दुबईला जावो नाहीतर बहारीनला, चप्पल दाराबाहेर काढूनच घरात शिरणार. इथवर ठीक. पण जिवाच्या आकांताने पळतानाही त्या पाचांपैकी एकालाही पायात चप्पल सरकवायचं सुचलं नव्हतं. वरची गच्ची तव्यासारखी तापलेली. धप, धप, धपाधप. छताची माती शेठच्या डोक्यावरच्या पांढऱ्या रुमालावर पडू लागली.

"ऊपर कौन?"

"कबूतर, शेठ."

शेठ उठला. दारापाशी गेला आणि काठीच्या टोकाने तिथले जोड एकेक करून बाजूला सारू लागला. स्वतःचा जोड त्याने इमानदारीने वगळला.

"ग्यारह," तो म्हणाला. "दत्ताराम, तुम्हारा कबूतर चप्पल पहनता है?"

खलास. दत्तारामने खाली मान घालून हाक मारली. पाचही कबुतरं खाली उतरली आणि एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहिली. शिवदासने तर लाजबिज गुंडाळून दोन्ही पाय पिण्याच्या पाण्याच्या बादलीत घातले. एरवी दत्तारामने मेहुण्याची सालं काढली असती. आज त्याला रडूच येत होतं.

त्याने हात जोडले. "शेठ, गाँव का आदमी है. गाँव का आदमी दरवाजे पे आया, तो ना कैसा बोलेगा? बेटे को मत बताना. हम लोग किधर जाएगा?"

शेठचं हसू मावळलं होतं. तो रागावला नव्हता, हिरमुसला होता, आणि ते का, हे दत्तारामला कळेना.

"ग्यारह नफर सोता किधर है?"

दत्तारामने दाखवलं. खाटा सहा. चौघे रात्रपाळीचे, ते दिवसा झोपतात. एक जण दोन खाटांच्या मधे. पेट्या खुंट्यांना टांगलेल्या. शेठने खाट न् खाट निरखली, खिडकीखालचा कोपरा काठीने मापला. भाडं वाढवायचा हिशेब चाललाय, दत्तारामने ओळखलं.

"वो कोने में मैं पैदा हुआ," शेठ एकदम म्हणाला.

सगळ्यांच्या माना त्या कोपऱ्याकडे वळल्या.

"आगे का घर बेटे ने फॉरेन कंपनी को दिया. मेरे को फ्लॅट में ले गया. उधर सात बच्चा, एक टीव्ही. दोपहर में नींद मफी, बिलकुल नहीं. मैं बोला, बेटा, मेरे घर में एक खोली मेरे को रखो. बेटा बोला, बाबा, खाली खोली का भाव मालूम है?" त्याने खोलीभर नजर फिरवली. "तुमको निकालेगा, तो शाम तक ये भी कंपनी को देगा. मैं सोचा, उधर छह नफर है. सातवाँ को जगह होगा."

दत्तारामला म्हाताऱ्याची दया आली, पण जागा आणणार कुठून? बोट ठेवायलाही फट नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाला तरी नाही म्हणायला निघाला.

"शेठ, माफ करो. जगह बिलकुल मफी. ये सब गाँव का आदमी..."

हाशिमशेठने काठी खिडकीखालच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली आणि डोक्यावरचा रुमाल काढून त्याची नीट घडी घातली.

"दत्ताराम," तो म्हणाला, "मैं भी गाँव का आदमी है. इसी गाँव का."