पहिल्या होलचं कार्ड

"चेंडूला लागला नाही तरी तो फटकाच. मोजायचा," बाबा म्हणाले, आणि मुलीने पुन्हा काठी उचलली.

तिला गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं. बाबा मात्र तीस वर्षं याच मैदानावर नवशिक्यांना शिकवत आले होते. हल्ली ते विसरत, फटक्यांचे आकडे चुकत. तक्रारी वाढल्या, तेव्हा मॅनेजरने काल तोंडावरच सांगितलं, "सर, एका होलचे फटके नीट मोजून दाखवा. नाहीतर आता घरी आराम करा." घरी बसले की बाबांची उरलीसुरली आठवणही हातची जाईल, हे तिला कळत होतं. त्यांच्याकडे शिकायला दुसरं कोणी तयार होईना, म्हणून तीच आली. मॅनेजर झेंड्यापाशी हाताची घडी घालून उभा होता.

चेंडू वाळूत रुतला. ती रडकुंडीला आली.

"आकड्याला घाबरायचं नाही, बाळ. चांगला खेळाडू हा होल चार फटक्यांत संपवतो. तुला दहा लागू देत. झाले तेवढे लिहायचे आणि पुढच्या होलकडे चालू लागायचं. आकडा म्हणजे काही शिवी नव्हे."

किती छान सांगत होते! यांना काही झालेलंच नाही, असं तिला क्षणभर वाटून गेलं.

नवव्या फटक्याला चेंडू एकदाचा आत पडला. बाबांनी खिशातून कार्ड काढलं, पेन्सिल टेकवली आणि थांबले. तिच्याकडे बघत राहिले. नऊ, बाबा, नऊ, ती मनातल्या मनात ओरडत होती. मॅनेजरची नजर तिच्यावरच होती, त्यामुळे ओठ हलवायचीही सोय नव्हती.

बाबांनी चार लिहिले.

आकडा बरोबर असेल तरच खेळणाऱ्याने कार्डावर सही करायची, हे त्यांनीच तिला सकाळी शिकवलं होतं. तिने मुकाट्याने सही केली.

मॅनेजरने कार्ड वाचलं. तोही अवघडला. "सर, तुम्हीच बघा," म्हणून त्याने ते पुढे केलं.

बाबांनी कार्ड लांब धरून वाचलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"चार? पहिल्याच दिवशी? कोणी लिहिलंय हे?" आवाजात अगदी जुनी जरब होती. "नवशिक्यांना असं फसवणारा माणूस मला इथे नको. त्याला आजच घरी पाठवा."