सुटलेला ताल

मोहफुलं वेचायच्या दिवसांत प्रतापगडच्या जंगलात एकेका झाडाखाली एकेक बिऱ्हाड उतरतं, एकमेकांच्या हाकेपलीकडे. पडलेली फुलं दिसावीत म्हणून वच्छलाने आपल्या झाडाखालचा पालापाचोळा पेटवला आणि वारा फिरला. बघता बघता नाल्याची वाट धुरात गडप झाली. त्याच वाटेने अधू नजरेचा नवरा, दुधराम, पाणी आणायला गेला होता. “अजी, इकडे या जी!” ओरडून ओरडून तिचा घसा बसला. पांडुरंगा, माझ्याच हातून कायले रे घडवलं हे? झोपडीला त्याचे टाळ टांगलेले होते. “तुले ताल नाही वं,” म्हणत कीर्तनात त्याने तिला कधी ते धरू दिले नव्हते. तिने ते ओढून घेतले आणि वेड्यासारखी बडवत सुटली. बडवता बडवता बोटं फुटली. मग धुरातून खोकला आला, पाठोपाठ वैतागलेला आवाज: “काऊन वं, ताल सोडून राहिली?”