लिटरला बारा

ऑफिसातल्या मॅडमनी डिझेलच्या हिशेबाचा कागद पुढे सरकवला आणि हळूच विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?"

ड्रायव्हर गोंधळला. सकाळपासून लाँड्रीच्या चादरींची गाठोडी पोहोचवून तो पार दमला होता, तरी शाबासकी मिळणार म्हणून ऑफिसात आला होता. जुन्या व्हॅनमधून बावीस वर्षं त्याने लिटरला बारा किलोमीटर काढले. बाकीच्यांची मजल नवाच्या पुढे जात नसे. गेल्या महिन्यात नवी व्हॅन आली. पहिल्याच संध्याकाळी तिच्या पडद्यावर आठ पूर्णांक तीन उमटलं. साठीला टेकलेल्या माणसाचं ॲव्हरेज घसरलं की त्याला गाडीवरून उतरवून चादरींच्या घड्या घालायला बसवतात. तसे दोघे आत बसलेलेच होते.

मग तो हात धुऊन त्या आकड्याच्या मागे लागला. जपून चालवलं तर आकडा आणखी उतरला. एकदा उशीर झाला म्हणून गाडी दामटली, तर चक्क नऊ. नव्या गाड्यांची तऱ्हाच न्यारी, म्हणत त्याने मन घट्ट केलं. दामटायची, करकचून ब्रेक मारायचा, पुन्हा दामटायची. रात्री पाय ठणकायचे, घास उतरायचा नाही. पण काल बारा झाले होते, एकदाचे.

मॅडमनी समजावून सांगितलं. हा पडदा लिटरला किती किलोमीटर ते सांगतच नाही. शंभर किलोमीटरला गाडी किती लिटर पिते, ते सांगतो. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकं डिझेल जास्त. कालचे बारा म्हणजे लिटरला जेमतेम आठ.

तो बराच वेळ बोटांवर काहीतरी मांडत बसला. "आणि पहिल्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी तुमचे नेहमीचे बाराच होते, काका. चूक आमची, कुणी सांगितलंच नाही तुम्हाला. मी तसं वर कळवते. गाडी तुमच्याकडेच राहील."

सुटलो, असं वाटायला हवं होतं. त्याला नुसती लाज वाटली, आणि उठायचाही कंटाळा आला.

"नको, दुसऱ्याला द्या," तो म्हणाला. "आकडा कळला नाही, त्याचं काही नाही. पण महिनाभर गाडी कण्हत होती. मला ऐकू येत होतं, मॅडम."