लॉकरचं भाडं

"आई, हे कसलं भाडं?" लेकीनं बाबांच्या पासबुकातल्या एका ओळीवर पेन्सिल टेकवली.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. चार बँकांतली खाती, तीन पॉलिसी, न येणाऱ्या मासिकाची वर्गणी. सकाळपासून टेबलावर नुसता कागदांचा पसारा होता. "सगळं एका खात्यात आणू, फालतू खर्च बंद करू. तू आपलं एकच पासबुक सांभाळ," लेक म्हणाली होती. आईला हसूच आलं. तीच चहापत्ती दोनदा उकळायला लावणाऱ्या माणसाचा फालतू खर्च!

पण दर वर्षी ठरावीक रक्कम कापली जात होती. लॉकरचं भाडं. लेक जुनी पासबुकं चाळत मागे मागे गेली.

"एकतीस वर्षं, आई. पहिलं भाडं माझ्या जन्माच्या दोन महिने आधी भरलंय."

"चुकलं असेल बँकेचं. लॉकरात ठेवण्यासारखं आपल्याकडे उरलं होतं काय?"

किल्ली दाढीच्या डब्यात सापडली. आठवडाभरानं बँकेतल्या बाईंनी सह्या घेतल्या आणि लॉकर उघडून दिला. आत रुमालाची गाठोडी होती. गाठोडीत आईच्या माहेरच्या दोन सोन्याच्या बांगड्या. एकीला पोचा आलेला. आईच्या धाकट्या बहिणीनं लहानपणी ती खेळायला घेऊन उंबऱ्यावर आपटली होती.

आई तिथल्या स्टुलावर बसली.

"या तर मावशीनं चोरल्या होत्या ना?" लेकीनं हळूच विचारलं.

एकतीस वर्षांपूर्वी बांगड्या गेल्या, त्या आठवड्यात धाकटी राहायला आली होती. पोटापाण्यासाठी तिला शिलाई मशीन घ्यायचं होतं आणि पैसे जमत नव्हते. बांगड्या मोडून तिला मशीन घेऊन द्यायचं आईनं मनाशी ठरवलं. धाकटीला सकाळी सांगू म्हणाली. नवऱ्याला मात्र रात्रीच सांगितलं. सकाळी धाकटीला सांगून आईनं हौसेनं कपाट उघडलं, तर बांगड्या नव्हत्या.

"मी काही म्हणत नाही," तो म्हणाला होता, "पण घरात तिसरं होतं कोण?" आई पोलिसांत जायला निघाली, तर त्यानंच अडवलं. घरची अब्रू कशाला चव्हाट्यावर! किती समजूतदार वाटला होता तेव्हा. धाकटीनं एका शब्दानं स्वतःची बाजू मांडली नाही. पिशवी उचलली आणि गेली. ते गप्प बसणंच आईनं कबुली धरलं. लेक झाली तेव्हा धाकटीनं हातानं शिवलेली झबली पाठवली होती. आईनं पुडकं न उघडताच परत केलं.

"जेवढ्याच्या बांगड्या नव्हत्या, तेवढं तर भाडं भरलं बाबांनी," लेक पुटपुटली.

आई उठली. "गाडी काढ."

धाकटीनं दार उघडलं. गळ्यात टेप, केस पार पांढरे. समोर कोण आहे ते बघून ती दोन पावलं मागे सरली. आईनं बांगड्या ठेवलेला तळहात पुढे केला.

धाकटीनं पोचा आलेल्या बांगडीवरून बोट फिरवलं.

"सापडल्या एकदाच्या?"

"तुला माहीत होतं?"

"भावोजी रुमालात बांधत होते, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात होते. त्यांनीही पाहिलं मला."

"अगं, मग बोलली का नाहीस? चोर ठरवलं मी तुला!"

धाकटीनं पायरीवर उभ्या असलेल्या भाचीकडे पाहिलं. पहिल्यांदाच बघत होती तिला.

"तुला सातवा महिना होता, ताई. बोलले असते तर तू त्याच पावली घर सोडून माझ्यामागे आली असतीस. आणि माझ्याकडे तर मशीनसुद्धा नव्हतं."