रोज चार मिलिमीटर

वाईच्या दामोदरशास्त्र्यांनी सलग विसाव्या दिवशी मेघवाटप केंद्राला फोन लावला. गल्लीतल्या प्रत्येक अंगणात ठरलेला पाऊस पडून गेला होता. त्यांच्या अंगणातली, वडिलांनी लावलेली बकुळ तेवढी पाने गाळीत उभी होती.

“आजोबा, तुमच्या गच्चीवरचा बिनतारी पर्जन्यमापक रोज चार मिलिमीटर पाऊस कळवतो,” पलीकडची मुलगी म्हणाली. “मग तुमच्याकडे आणखी ढग कसा धाडू?”

“अहो बाई, अंगणात धूळ उडते आहे.”

“इथे नोंद आहे ना. रोज सूर्योदयाला, लहान लहान तीन सरी.”

शास्त्रीबुवांनी फोन ठेवला. “यंत्राला वेड लागले आहे,” ते उद्वेगाने पत्नीला म्हणाले. “सूर्योदयाला तर मी स्वतः गच्चीवर असतो.”

कुमुदिनीबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. “असता ना. पूर्वेच्या कठड्याशी उभे राहून ओंजळीने तीन वेळा अर्घ्य देता. यंत्रही त्याच कठड्यावर बसवले आहे. मामंजी खाली ताम्हण ठेवून त्यात अर्घ्य सोडत आणि ते पाणी बकुळीला घालत. तुम्हांला वाकायचा कंटाळा.”



दुसऱ्या दिवशी त्यांनी गुडघ्यांची कुरकुर सोसून ताम्हणात अर्घ्य दिले आणि ते पाणी बकुळीच्या मुळाशी ओतले. भिंतीवरच्या पडद्यावर पर्जन्यमापकाचे शून्य उमटले. दुपारी एक सावळा मेघ शेजाऱ्यांची कौले ओलांडून नेमका त्यांच्या अंगणावर येऊन थांबला. शास्त्रीबुवांचे हात आपोआप जोडले गेले.

“छत्री देऊ,” आतून कुमुदिनीबाईंनी विचारले, “की अजून एक तक्रार करायची आहे?”